महाविद्यालयात मूडल सुरू करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

मूडल म्हणजे नोट्स, असाइनमेंट आणि चाचण्या ऑनलाइन चालवण्याची संगणक-प्रणाली. बहुतेक महाविद्यालयांत ती एकाच पद्धतीने येते. जूनमध्ये सर्व्हर घेतला जातो, एका दुपारी सभागृहात सगळ्या प्राध्यापकांचे प्रशिक्षण उरकते, विद्यार्थ्यांचे यूजरनेम व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले जातात आणि ऑगस्टमध्ये थेट अंतर्गत चाचणी लावली जाते. त्या दिवशी निम्म्या वर्गाचे लॉगिन होत नाही, दोघांच्या नावावर एकच खाते निघते, आणि महिनाभरात नोट्स पुन्हा ग्रुपवर फिरू लागतात. यात मूडलचा दोष क्वचितच असतो. विद्यार्थ्यांची यादी कच्ची असते, आणि ज्या कामात चूक अजिबात खपत नाही तेच काम सर्वांत आधी केलेले असते.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या साध्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयासाठी आहे, जिथे पूर्णवेळ आयटी कर्मचारी नाही आणि ही जबाबदारी संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे येते. सुरुवात एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये केलीत तर तिसरा टप्पा घाईत उरकला जाईल, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच उगवतात.

१. पहिल्या सत्रात एकच काम मूडलवर आणा

नोट्स, हजेरी, चाचणी, असाइनमेंट, ऑनलाइन तास हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या सत्रासाठी असाइनमेंट जमा करणे एवढेच निवडा. नोट्ससाठी विद्यार्थी मूडल उघडत नाहीत, कारण त्या ग्रुपवर आधीच पोहोचलेल्या असतात. चाचणीत सगळे एकाच मिनिटाला येतात, त्यामुळे यादी, सर्व्हर आणि वाय-फाय या तिन्हींची कसोटी एकाच वेळी लागते. असाइनमेंटला मुदत आठ-दहा दिवसांची असते. एखाद्याचा पासवर्ड चालला नाही तरी दुरुस्त करायला वेळ मिळतो, आणि गुण असल्यामुळे प्रत्येकाला एकदा तरी यावेच लागते.

वर्गही निवडून घ्या. दोन विभाग आणि फक्त द्वितीय वर्ष पुरे. प्रथम वर्षाचे प्रवेश फेऱ्यांमुळे लांबतात, विभाग आणि विषय बदलून घेतले जातात, कुणी प्रवेश रद्द करतो. हलत्या यादीवर पहिला प्रयोग नको.

मग प्राचार्यांच्या सहीने परिपत्रक काढा. कोणते वर्ग, कोणते विषय, कोणत्या तारखेपासून, आणि त्या विषयांच्या असाइनमेंट कागदावर किंवा ग्रुपवर स्वीकारल्या जाणार नाहीत, हे त्यात स्पष्ट असू द्या. शेवटचे वाक्य गाळले की दोन्ही मार्ग चालू राहतात आणि प्राध्यापकांना दुप्पट काम पडते.

तपासणी: ॲडमिन खाते किमान दोघांकडे आहे ना? डोमेन, सर्व्हर आणि ईमेल यांची नोंदणी महाविद्यालयाच्या नावाने आणि कार्यालयाच्या ईमेलवर आहे ना? ती एखाद्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या खासगी ईमेलवर असेल, तर करार संपला की डोमेनचे नूतनीकरण कुणालाच करता येत नाही.

२. सर्व्हर आणि त्याच्या पाच सेटिंग

प्रयोगशाळेतल्या संगणकावर मूडल चढवून तोच बाहेरून उघडायचा बेत करू नका. वीज गेली, यूपीएस उतरला किंवा इंटरनेट कंपनीने आयपी बदलला की संध्याकाळी घरी बसलेला विद्यार्थी अडकतो. भाड्याचा क्लाउड सर्व्हर घ्या. मूडलच्या मार्गदर्शिकेतला ढोबळ हिशेब असा, की एका जीबी रॅमवर एकाच वेळी काम करणारे १० ते २० जण चालतात. असाइनमेंटसाठी ४ जीबी पुरते. पुढे ६० जणांची एकत्र चाचणी घ्यायची असेल तर ६ जीबीच्या खाली जाऊ नका.

आवृत्ती दीर्घ पाठिंब्याची, म्हणजे जिला सुरक्षा-दुरुस्त्या जास्त काळ मिळतात अशी घ्या. ४.५ ही तशी आहे. तिला पीएचपी (मूडल ज्या संगणक-भाषेत लिहिले आहे ती) किमान ८.१ लागते आणि तिचे सुरक्षा-अद्ययावतीकरण ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहे. त्याच्या आधीच्या उन्हाळी सुट्टीत पुढच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीकडे जाण्याचे नियोजन ठेवा. सत्र चालू असताना आवृत्ती बदलू नये.

सेटिंगमध्ये पुढील पाच गोष्टी नेमक्या राहून जातात:

- मूडलडेटा हे फोल्डर वेब-फोल्डरच्या बाहेर हवे. आत ठेवले तर विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या फाइल थेट पत्त्याने कुणालाही उघडता येण्याचा धोका असतो.
- पीएचपीमधली 'मॅक्स इनपुट व्हार्स' ही मर्यादा ५००० करा. ती कमी असेल तर मोठ्या वर्गाचे गुण भरताना लांबलचक फॉर्म अर्धवट जतन होतो.
- क्रॉन, म्हणजे ठरलेली कामे आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय, दर मिनिटाला चालू हवे. ईमेल, यादीचे अद्ययावतीकरण आणि वेळ संपलेल्या चाचण्या जमा करणे ही कामे तेच करते.
- सुरक्षित, म्हणजे 'एचटीटीपीएस' पत्ता आणि वैध प्रमाणपत्र हवे. त्याशिवाय मूडलचे मोबाइल ॲप जोडले जात नाही.
- वेळक्षेत्र आशिया/कोलकाता ठेवा. ते चुकले तर रात्री ८ ची मुदत भलत्याच वेळी संपते.

ईमेलचे गणित आधी करा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला साधारण ५०० ईमेल जातात, वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सेवा) खात्यातून २०००. मूडलमधल्या 'अनाउन्समेंट' फोरमवर टाकलेली प्रत्येक सूचना अभ्यासक्रमातल्या सगळ्यांना ईमेलने जाते. ८० जणांच्या सात विषयांत एकेक सूचना पडली की साध्या जीमेलचा कोटा संपला, आणि त्या दिवशी पासवर्ड विसरलेल्याला ईमेल येत नाही. वर्कस्पेस खाते वापरा किंवा सूचनांचे ईमेल बंद ठेवा.

तपासणी: 'साइट ॲडमिनिस्ट्रेशन'मधल्या 'सर्व्हर' भागात 'एन्व्हायर्नमेंट' पान उघडा. एकही लाल ओळ नको. तिथूनच चाचणी-ईमेल पाठवून तो स्पॅममध्ये जात नाही हे पाहा.

३. यादी

या टप्प्याला पूर्ण आठवडा द्या. कार्यालयीन अधीक्षकांना आणि प्रवेश पाहणाऱ्या लिपिकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. खरी यादी त्यांच्याकडे असते, विभागाच्या हजेरीपटात नसते.

*यूजरनेम काय ठेवायचे.* रोल नंबर नको. तो दर वर्षी बदलतो आणि एटीकेटीवाल्यांचा तर गोंधळच होतो. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, चांगला, पण प्रथम वर्षाला तो पात्रता पूर्ण होईपर्यंत हातात नसतो. म्हणून महाविद्यालयाचा कायम प्रवेश क्रमांक यूजरनेम म्हणून घ्या आणि पीआरएन 'आयडीनंबर' या रकान्यात ठेवा. तो नंतर भरता येतो. यूजरनेममध्ये इंग्रजी मोठी अक्षरे आणि मोकळ्या जागा नकोत.

*एक्सेल पीआरएन बिघडवते.* ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत उशिरा कळते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. पीआरएन १६ आकडी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. म्हणजे २०२३०१६४०१२३४५६७ चे २०२३०१६४०१२३४५६० होते. लागोपाठच्या दहा विद्यार्थ्यांचे पीआरएन असे एकसारखे दिसू लागतात. एकदा जतन झाले की तो अंक परत येत नाही. नंतर सेलचे स्वरूप बदलून उपयोग नाही. म्हणून:

1. कोऱ्या शीटमध्ये तो रकाना निवडा आणि माहिती भरण्याआधी त्याचे स्वरूप 'टेक्स्ट' करा.
2. विद्यापीठाच्या पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी) फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' मेनूतून ती आत घ्या आणि पीआरएनचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून निवडा.
3. शेवटी पीआरएनवरून क्रम लावा. ओळीने सगळे शून्यावर संपत असतील तर मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करा.

*नाव.* आपल्याकडच्या याद्यांत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे. मूडलला नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत लागते. पहिला शब्द 'लास्टनेम'मध्ये आणि उरलेले 'फर्स्टनेम'मध्ये टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींचे नाव विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणेच ठेवा, नाहीतर गुण उतरवताना ताळमेळ बसत नाही. नावे देवनागरीत असतील तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' या प्रकारात जतन करा. साध्या सीएसव्हीत सगळ्या नावांची प्रश्नचिन्हे होतात.

*ईमेल.* प्रवेश अर्ज नेट कॅफेत भरला जातो आणि पुष्कळदा तिथल्याच चालकाचा ईमेल पंधरा-वीस अर्जांवर पडतो. मूडल मुळात एका ईमेलवर एकच खाते देते, त्यामुळे दुसऱ्या नोंदीपासून पुढच्या नाकारल्या जातात. 'एकाच ईमेलची अनेक खाती चालतील' ही सोय उघडून हा प्रश्न झाकू नका. मग पासवर्ड बदलण्याचे दुवे कॅफेवाल्याकडे जातात. महाविद्यालयाचे वर्कस्पेस असेल तर प्रत्येकाला तिथला ईमेल द्या. नसेल तर दुहेरी ईमेल यादीतून शोधा आणि त्या मुलांना बोलावून त्यांचा स्वतःचा ईमेल घ्या.

*कोहॉर्ट.* मूडलमध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला कोहॉर्ट म्हणतात. वर्गनिहाय कोहॉर्ट करा, पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तेवढ्यावर भागत नाही. खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेचा असतो. एकाच बाकावरची दोन मुले वेगवेगळ्या खोल्यांत जातात. मुख्य विषयाला एक कोहॉर्ट आणि प्रत्येक खुल्या ऐच्छिक, कौशल्य व मूल्यवर्धित विषयाला वेगळा, असे रकाने ठेवा. कोहॉर्टचे नाव टाइप करण्याऐवजी नक्कल करून चिकटवा. एक जागा जास्त पडली तरी मूडल मुकाट्याने नवा कोहॉर्ट तयार करते आणि ती मुले अभ्यासक्रमाबाहेर राहतात.

*पासवर्ड.* जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर नको. दोन्ही वर्गाला माहीत असतात. प्रत्येकाला वेगळा तात्पुरता पासवर्ड द्या. मूळ नियमानुसार तो किमान ८ अक्षरी हवा आणि त्यात एक लहान, एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह हवे. यादी चढवताना 'सर्वांना पासवर्ड बदलायला लावा' हा पर्याय निवडा. इंग्रजी मोठा ओ आणि शून्य, लहान एल आणि एक हे टाळा. छापील चिठ्ठीवर ते वेगळे ओळखू येत नाहीत.

सावधान: जात, उत्पन्न, आधार हे रकाने मूडलमध्ये नेऊ नका. त्यांचे तिथे कामच नाही. अकरावी-बारावीचे वर्ग घेणार असाल तर ती मुले १८ वर्षांखालची आहेत, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. प्रवेश अर्जासोबतच संमतीपत्र घ्या.

तपासणी: आधी फक्त पाच ओळींची फाइल चढवा. रकान्यांचे मथळे इंग्रजी लहान अक्षरांत आहेत ना, पूर्वदर्शनात नावे नीट दिसतात ना, हे पाहा. 'फक्त नवे जोडा, असलेले वगळा' हा प्रकार निवडा. त्या पाचांपैकी दोन खात्यांनी मोबाइलवरून लॉगिन करून पाहा आणि मगच पूर्ण यादी चढवा. शेवटी वगळलेल्या ओळींचा आकडा येतो. तो शून्य नसेल तर प्रत्येक ओळीचे कारण शोधा.

४. अभ्यासक्रमांचा सांगाडा

प्रत्येक प्राध्यापकाने आपापला अभ्यासक्रम आपल्या मनाने तयार केला तर विद्यार्थ्याला सात विषयांत सात मांडण्या दिसतात. त्याऐवजी एक नमुना अभ्यासक्रम बनवा. वर सूचना आणि विद्यापीठाच्या सिलॅबसची पीडीएफ, खाली विद्यापीठाच्या घटकांप्रमाणे चार भाग, आणि पहिल्या भागात एक असाइनमेंट. विद्यार्थ्यांविना त्याचा बॅकअप घ्या आणि प्रत्येक विषयासाठी तोच 'रिस्टोअर' करा. लघुनाव दोनदा चालत नाही, म्हणून विषय-सांकेतांक आणि शैक्षणिक वर्ष मिळून ते करा.

नोंदणी 'कोहॉर्ट सिंक'ने, म्हणजे कोहॉर्टमधल्या सगळ्यांना अभ्यासक्रमात आपोआप जोडणाऱ्या सोयीने करा. पाहुण्यांचा प्रवेश आणि स्वयं-नोंदणी दोन्ही बंद ठेवा. कोहॉर्टमधून नाव काढल्यावर काय व्हावे, याची एक सेटिंग आहे. ती 'अभ्यासक्रमातून काढा' अशी असेल तर बदलून 'नोंदणी निष्क्रिय करा' अशी ठेवा. नाहीतर चुकून काढलेल्या नावासोबत त्याचे गुणही गुणपत्रकातून जातात.

प्राध्यापकांना त्यांच्याच विषयात 'टीचर' भूमिका द्या. विभागप्रमुख आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांना 'नॉन-एडिटिंग टीचर' पुरते: सगळे पाहता येते, गुणही देता येतात, पण अभ्यासक्रमाची मांडणी बदलता येत नाही. कुणी महाविद्यालय सोडले तर खाते पुसू नका, 'सस्पेंड' करा.

५. प्राध्यापकांचे प्रशिक्षण

सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवून काही साधत नाही. संगणक प्रयोगशाळेत, १२-१५ जणांच्या तुकडीत, दीड-दीड तासाची दोन सत्रे घ्या. पहिल्या सत्रातून उठताना प्रत्येकाची एक खरी असाइनमेंट खऱ्या तारखेसह तयार असली पाहिजे. दुसऱ्या सत्रात दोन नमुना-उत्तरे तपासून गुण द्यायचे. प्रश्नपेढी, विकी, फोरम या गोष्टी तेव्हा बोलूच नका.

जुन्या नोट्स आधी मागवून घ्या. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र या विभागांकडे वर्षानुवर्षांचे साहित्य श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असते. ते मूडलच्या चौकटीत चिकटवले की निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. पीडीएफ करून चढवायचे असेल तर चालेल, पण प्रश्नपेढीत जायचे असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागते. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे हाताने तपासा.

स्कॅन केलेल्या नोट्स रंगीत आणि जड नकोत. १५० डीपीआय आणि करडी छटा वाचायला पुरेशी असते.

६. विद्यार्थ्यांचा पहिला तास

विषयाचा एक तास यासाठी घ्या आणि वर्गातच करा. चिठ्ठ्या ओळखपत्र पाहून हातात द्या. क्रम असा: ब्राउझरमध्ये पत्ता, लॉगिन, पासवर्ड बदलणे, आणि 'सराव' नावाच्या असाइनमेंटमध्ये एक ओळ लिहून जमा करणे. ॲप शेवटी. ॲपसाठी ॲडमिनने मोबाइल सेवा चालू केलेली असायला हवी. ती बंद असेल तर बरोबर पासवर्ड टाकूनही प्रवेश मिळत नाही आणि सगळे पासवर्डलाच दोष देतात.

तपासणी: तास संपल्यावर सहभागींच्या यादीत 'शेवटचा प्रवेश' हा रकाना पाहा. ज्यांच्यापुढे 'कधीच नाही' आहे, त्यांची नावे वर्गशिक्षकांकडे द्या. आठवडाभरात ही यादी रिकामी व्हायला हवी.

७. पहिली खरी असाइनमेंट

'देय तारीख' आणि 'अंतिम बंद तारीख' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देय तारखेनंतर मूडल उशिरा म्हणून नोंद करते, पण घेते. बंद तारखेनंतर घेतच नाही. पहिल्या खेपेला दोन्हींत तीन दिवसांचे अंतर ठेवा. मुदत रविवारी मध्यरात्री नको; कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ठेवा, म्हणजे अडचण सांगायला माणूस हजर असतो.

'जमा करा बटण दाबणे आवश्यक' हा पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल तर मुले फाइल चढवून निघून जातात, ती मसुदा म्हणून पडून राहते आणि 'दिली' म्हणणारा विद्यार्थी व 'मिळाली नाही' म्हणणारे प्राध्यापक दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

फाइलच्या आकाराची मर्यादा पीएचपी, साइट, अभ्यासक्रम आणि असाइनमेंट अशा चार ठिकाणी ठरते. त्यांतली सर्वांत लहान लागू होते. मोबाइलवर काढलेला फोटो ३-४ एमबीचा असतो. आठ पानांची वही म्हणजे ३० एमबी. पानांची एकच पीडीएफ, १० एमबीच्या आत, असे सूचनेतच लिहा आणि ती कशी करायची ते पहिल्या तासाला दाखवा.

८. चाचणी, तीही दुसऱ्या सत्रात

दोन असाइनमेंट सुरळीत झाल्याशिवाय चाचणीला हात लावू नका. प्रश्न साध्या मजकूर-फाइलमधून 'एकेन' पद्धतीने चढवता येतात: प्रश्न एका ओळीत, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीत, शेवटी उत्तराची ओळ. प्रश्न-पर्याय मराठीत चालतात. मात्र पर्यायांपुढची अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीतली ए, बी, सी, डी हवीत. सवयीने अ, ब, क, ड टाकले की पूर्ण फाइल नाकारली जाते. मराठीतून एका शब्दात उत्तर मागणारे प्रश्न टाळा. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडला की बरोबर उत्तरही चूक धरले जाते.

सेटिंगमध्ये हे पाहा:

- वेळ संपल्यावर आपोआप जमा होणे चालू ठेवा. ज्याचा मोबाइल मध्येच बंद पडला, त्याची उत्तरपत्रिका क्रॉन जमा करते. क्रॉन बंद असेल तर ती अधांतरी राहते.
- 'रिव्ह्यू ऑप्शन्स'मध्ये बरोबर उत्तरे फक्त चाचणी बंद झाल्यावर दिसू द्या. नाहीतर पहिल्या तुकडीच्या उत्तरांचे फोटो दुसऱ्या तुकडीकडे पोहोचतात.
- बंद होण्याची वेळ, सुरुवात अधिक चाचणीचा कालावधी अधिक १५ मिनिटे अशी ठेवा. उशिरा लॉगिन झालेल्याची वेळ कापली जात नाही.
- नेटवर्क गेलेल्या विद्यार्थ्याला 'ओव्हरराइड'ने वेगळी वेळ देता येते. सगळ्या वर्गाची वेळ वाढवू नका.

आदल्या आठवड्यात तेवढ्याच विद्यार्थ्यांसह, त्याच खोलीत, पाच प्रश्नांची बिनगुणी तालीम घ्या. घरगुती प्रकारचा एक वाय-फाय राउटर साठ मोबाइल पेलत नाही, हे तालमीत कळलेले बरे. ३० जणांच्या तुकड्या करा आणि प्रश्नपत्रिकेच्या दहा छापील प्रती खोलीत ठेवा.

९. सत्र संपल्यावर

गुण एक्सेलमध्ये उतरवून विभागप्रमुखांच्या सहीने कार्यालयात द्या. मग प्रत्येक अभ्यासक्रमाचा विद्यार्थ्यांसह पूर्ण बॅकअप घ्या. नव्या वर्षासाठी जुना अभ्यासक्रम 'रीसेट' करू नका. त्याने जमा केलेली उत्तरे आणि गुण पुसले जातात, आणि नॅकच्या (महाविद्यालयांच्या राष्ट्रीय मूल्यांकनाच्या) वेळी दाखवायला काही उरत नाही. जुना अभ्यासक्रम लपवून ठेवा आणि विद्यार्थ्यांविना प्रत काढून नवा सुरू करा.

सर्व्हरच्या बॅकअपमध्ये डेटाबेस, मूडलडेटा फोल्डर आणि मूळ प्रोग्राम हे तिन्ही हवेत. फक्त डेटाबेस परत आणला तर गुण दिसतात, पण असाइनमेंटच्या फाइल उघडत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत हा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, एका विद्यार्थ्याची असाइनमेंट उघडा आणि ती खरोखर वाचता येते का ते पाहा.